मिस्त्रीचा तळहात

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाताना रस्त्याला लागूनच आमची जिनिंग आहे. शेतातून आलेला कापूस एका बाजूने आत जातो, मशिनी त्यातली सरकी वेगळी काढतात, आणि दुसऱ्या बाजूने रुईच्या गाठी बांधून बाहेर पडतात. मी तिथे वायरमन आहे. मोटार, पॅनल, दिवे, पंखे, जिथे जिथे वायर जाते तिथे मी जातो. स्वभावाने चिडका आहे. माझ्या हाताखालची माणसं म्हणतात की माझ्यापेक्षा उघड्या वायरला हात लावणं परवडतं. म्हणोत बापडे.

त्या जिनिंगमध्ये ज्याच्यावर मी कधी चिडलो नाही असा एकच माणूस होता, आमचे मिस्त्री. मोहगावचे. मी लागलो तेव्हा ते आधीच जुने झालेले होते. त्यांचं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक मशिनीत एक चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला टेकून एक बोथट सुरी असते. रूळ कापूस ओढतो, सुरी सरकी अडवते. दोन्हींमधला दाब जास्त झाला तर रूळ तापतो, आणि रुईच्या ढिगात तापलेला रूळ म्हणजे आग. कमी झाला तर सरकी फुटून रुईत जाते आणि गाठ परत येते. हा दाब जुळवायचा मिस्त्रींनी. त्यासाठी मशिनीच्या बाजूचं दार चालू मशिनीत उघडायचं आणि उजवा तळहात आतल्या चौकटीवर टेकवून उभं राहायचं. डोळे मिटलेले. थोड्या वेळाने ते डोळे उघडून मला बोटांनी आकडा दाखवायचे आणि डावीकडे मान हलवायचे. म्हणजे त्या नंबरच्या मशिनीचं डाव्या बाजूचं बेअरिंग जायला आलं. मी खोलून पाहायचो तर खरंच गेलेलं असायचं.

डाव्या हाताची दोन बोटं त्यांची अर्धीच होती. अशाच एका उघड्या दारात गेलेली, मी लागण्याच्या आधी. त्याबद्दल कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "मशिनीनं चाखून पायली, गोड नाही लागली, म्हणून बाकीची ठेवली." आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

त्यांना ऐकू येत नाही हे मला कळलं ते एका दुपारी लाइट गेली तेव्हा.

हे नीट सांगायला हवं. शेडमध्ये सगळ्या मशिनी चालू असल्या की तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. चहा हवा तर अंगठा तोंडाकडे, मोटार बंद कर तर तळहात खाली, मॅनेजर आला तर खिशावर थाप. नवा माणूस आठ दिवसांत ही भाषा शिकतो. त्यामुळे त्या शेडमध्ये बहिरा माणूस ओळखू येणं शक्यच नव्हतं. त्या दुपारी लाइट गेली, सगळं एकदम गप्प झालं, आणि मी मिस्त्रींच्या मागे दोन हात अंतरावर उभा राहून म्हणालो, "मिस्त्री, पाना द्या." ते वळले नाहीत. पुन्हा म्हणालो. ओरडलो. सरकीच्या ढिगावरच्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या, पण मिस्त्री आपले कापडाने हात पुसत होते. मग ते वळले, माझा चेहरा पाहिला, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

त्यांनी मला शेडच्या मागे नेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तोंड मोठं करून बोल," ते म्हणाले. "दोनक साल झाले असन. थोडं थोडं करून गेलं. आता सप्पा गेलं."

"डॉक्टरले दाखवलं?"

"नागपूरले दाखवलं. मशीन लावा म्हणते कानात. लावून पायलं. नुसतं करकर करते." मग त्यांनी माझा दंड धरला. "कोणाले सांगू नोको, बाबू. हे लोक मले घरी बसवतीन."

मी म्हटलं की आता वय झालं, घरी बसलात तर काय बिघडतं. पोरं कमावती आहेत, दोन एकरात संत्र्याची झाडं आहेत, आरामात राहा. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मीच बहिरा आहे.

"घरी काहीच हालत नाही रे," ते म्हणाले. "बायको बोलून राहते, तोंड हालते. नातू रडते, तोंड हालते. टीव्हीत चित्र हालते. मी भितीले हात लावून पायतो, भित मुकी. इथी आलो का पायातून येते, हातातून येते. कोणती मशीन खुश आहे, कोणती रुसली, सप्पा ऐकू येते मले. इथी मी बहिरा नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. नुसतं सांगितलं नाही असं नाही, मी त्यांना सांभाळलं. मॅनेजर बोलायला आले की मी मिस्त्रींच्या समोर जाऊन उभा राहायचो आणि मॅनेजरांचंच वाक्य तोंड मोठं करून पुन्हा म्हणायचो, "हो ना मिस्त्री, दोन नंबरची मशीन आज उघडायची?" मॅनेजरांना वाटायचं मला पुढे पुढे करायची सवय आहे. सौंसरच्या बसस्टँडवर आम्ही चहा प्यायला बसलो की लोक वळून पाहायचे, कारण मिस्त्री गल्लीभर ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायचे आणि मी तोंड वाकडंतिकडं करून उत्तर द्यायचो. शनिवारी ते जामसांवलीला देवदर्शनाला जायचे. एकदा मीही बरोबर होतो. देवळात कोणीतरी घंटा वाजवून पुढे गेलं, आणि मिस्त्रींनी लगेच वर हात करून तळहात घंटेला लावला आणि ती थांबेपर्यंत तसाच ठेवला. मागच्या बाईने त्यांना रागावून बाजूला केलं. मला तिचा भयंकर राग आला होता, पण तिला काय सांगणार?

चार वर्षं असं चाललं. मग सेन्सर आले.

आमच्या गाठी घेणाऱ्या मोठ्या गिरणीची माणसं पाहणीला आली होती. त्यांनी चालू मशिनीची उघडी दारं पाहिली, मिस्त्रींची अर्धी बोटं पाहिली, आणि कागदावर खूप काही लिहून घेतलं. मग आमच्या मॅनेजरांनी सगळ्यांना जमवून सुरक्षेवर भाषण दिलं. एकजण मागून म्हणाला, "साहेब, आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या रोजी नदीवर दगडफेकीचा खेळ होते, लोक दगड खाऊन येते, अन् तुमी दाराचं सांगून राहिले." सगळे हसले. मॅनेजरही हसले. पण दारं बंद ठेवायचीच असं ठरलं.

आधी आम्ही स्वस्तातले स्विच लावले होते. दाराला एक लोखंडी जीभ, चौकटीला एक खाच. जीभ खाचेत गेली की मशीन चालणार. आठ दिवसांत त्या खाचांमध्ये रुई गच्च भरली आणि जीभ आत जाईना. म्हणून मग हे बिनस्पर्शाचे सेन्सर मागवले. काडेपेटीएवढे दोन तुकडे, एक चौकटीला, एक दाराला. एकमेकांना टेकायची गरज नाही, खाच नाही, भोक नाही, रुई जाणार कुठे? दार लागलं की दाराचा तुकडा चौकटीच्या तुकड्याजवळ येतो, तो त्याला ओळखतो, कडेचा बारका दिवा हिरवा होतो आणि मशीन सुरू होऊ शकते. दार बोटभर उघडलं की दिवा लाल, मशीन बंद. आणि प्रत्येक तुकडा फक्त आपल्या जोडीदारालाच ओळखतो. दुसरं काही जवळ नेलं तर ढिम्म.

ते लावायचं काम माझं होतं. मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू. इतकी नेटकी वस्तू आमच्या जिनिंगमध्ये त्याआधी आली नव्हती. मी एकेका दाराला भोकं पाडत होतो आणि मिस्त्री मागे उभे राहून पाहत होते. तिसरं दार झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय. दार उघडलं की मशीन बंद. आणि बंद मशिनीवर तळहात ठेवून मिस्त्री काय ऐकणार?

दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून एक मोठं गोल लोहचुंबक घेऊन आले. मोहगावच्या मंडपवाल्याकडून, फुटक्या भोंग्यातलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार उघडून ते सेन्सरला चिकटवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दिवा लालच होता. उलटं करून चिकटवलं. लालच.

"हुशार निघालं बाप्पा तुहं लेकरू," ते म्हणाले आणि चुंबक पिशवीत टाकलं. मग आवाज खाली आणायचा प्रयत्न करत, म्हणजे साधारण आपण बोलतो तितक्या आवाजात, म्हणाले, "कपाटात एक जादा जोडी आहे ना तुह्याजवळ?"

होती. एखादी बिघडली तर असावी म्हणून एक जोडी जास्त मागवली होती. ते दोन तुकडे एकमेकांना चिकटपट्टीने बांधून एका मशिनीच्या दाराऐवजी पॅनलमध्ये जोडले असते, तर ती मशीन दार सताड उघडं असतानाही दार बंदच आहे असं समजून चालत राहिली असती. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे मिस्त्रींना माहीत होतं.

"एकच मशीन," ते म्हणाले. "कोपऱ्यातली. कोणी पायत नाही तिकडं. मी दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाही."

मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो मागे घेतला.

"नाही जमणार मिस्त्री," मी म्हणालो. तोंड मोठं करून, म्हणजे त्यांना नीट दिसावं म्हणून.

मी बरोबर होतो. आजही मला वाटतं मी बरोबरच होतो. त्या दारात ओढणी जाते, बाही जाते, बोटं जातात. पण तेव्हापासून मिस्त्री बंद दाराच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. पत्रा सैल होता, त्याची स्वतःचीच खडखड इतकी की आतलं काही त्यांच्यापर्यंत पोहोचत नसावं. मग ते अंदाजाने बोटं दाखवायचे. मी आधीच सुट्टीत, मशिनी बंद असताना, बेअरिंगं तपासून ठेवायचो आणि त्यांनी चुकीचा आकडा दाखवला तरी बरोबर मशीन खोलायचो. सीझन संपेपर्यंत निभावलं. उन्हाळा मशिनी झाडण्यापुसण्यात गेला.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मशिनींची पूजा होते आणि नव्या सीझनचा मुहूर्त करतात. पहिल्या मशिनीचं बटण दाबायचा मान मिस्त्रींचा. आणि आमच्या जिनिंगची एक रीत आहे, ती दुसरीकडे मी पाहिली नाही. एकच लांब झेंडूचा हार करायचा, कुठेही न तुटलेला. त्याचं एक टोक मशिनीच्या आतल्या चौकटीला बांधायचं, तो दारातून बाहेर काढायचा आणि दुसरं टोक सुरू करायच्या बटणावर लटकवायचं. म्हणजे बरकत आतून बाहेरपर्यंत अखंड येते. त्या दिवशी दार उघडंच ठेवत असत. मिस्त्री आत हात टेकवून बटण दाबायचे, मशीन हाताला लागली की नारळ फोडायचे आणि कापसाची पहिली मूठ टाकायचे. इतकी वर्षं त्यांना मुहूर्ताला कान लागलेच नव्हते.

या वर्षी दार बंद हवं. हार तर तुटता कामा नये. मिस्त्रींनी हार आतून बाहेर घेतला आणि दार त्याच्यावरच ओढून घेतलं. मी ते पाहिलं. मला वाटलं, दोऱ्याचं काय, दोरा दबून जाईल. सकाळी सगळी दारं लावून मी तपासली होती, सगळे दिवे हिरवे होते. आणि मी लांब, पॅनलजवळ होतो. रुई ओढणारा मोठा पंखा आधी सुरू करावा लागतो, तो मी सुरू केला. हे नेहमीचंच आहे. पण ते मी केलं, आणि मिस्त्री फरशीवर अनवाणी उभे होते.

दोऱ्याबरोबर झेंडूची चार-पाच फुलं दारात अडकली होती. दार दोन बोटं उघडं राहिलं होतं. सेन्सरवरचा बारका दिवा लाल असणार, पण त्याच्यावरच हाराचा झुबका आला होता.

मिस्त्रींनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मशीन सुरू झाली नाही. फक्त माझा पंखा घुमत होता आणि त्याने फरशी थरथरत होती. मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले, कपाळ दाराला टेकवलं, नारळ फोडला, कापसाची मूठ वर टाकली, आणि वळून सगळ्यांकडे पाहत, दोन्ही हात वर करून ओरडले, "चालली, बाप्पा, चालली!"

जिनिंगचे मालक म्हणजे आमचे शेठ, त्यांच्या घरच्या बाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या हळू म्हणाल्या, "मिस्त्रीजी, मशीन तो बंद है." मिस्त्री हसत हसत त्यांच्याकडे खोबऱ्याचा तुकडा घेऊन गेले. मागे कोणीतरी फिदकन हसलं. मग आणखी दोघं. मी धावत गेलो, हार दारातून ओढून काढला. तो तुटला. दार लागलं आणि दिवा हिरवा झाला. मिस्त्रींनी माझ्या हातातला तुटका हार पाहिला, मग दिवा, मग एकेकाचा चेहरा. असं त्यांना कळत जाताना मी पाहिलं, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. ते स्वतः पुढे झाले आणि बटण पुन्हा दाबलं. मशीन सुरू झाली. या वेळी त्यांनी दाराला हात लावला नाही.

दुपारी मॅनेजरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. मिस्त्रींना त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि मला विचारलं, "ह्यांना ऐकू येत नाही, तुला माहीत होतं?"

मला एवढंच दिसलं की बहिरा माणूस चालू मशिनींमध्ये चार वर्षं फिरत होता आणि ते माहीत असणारा मी एकटाच. एखाद्या दिवशी काही झालं असतं तर, असा प्रश्न निघाला की सगळं माझ्यावर येणार.

"नाही साहेब," मी म्हणालो.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे पाहत होते. चार वर्षं मीच त्यांना माझं तोंड वाचायची सवय लावली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलं तू नाही म्हटलं," ते म्हणाले. "नाही तं तुह्यावर आलं असतं." त्यांनी मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं.

त्यांना काढलं नाही. जुना माणूस आहे, असं शेठ म्हणाले. मशिनीपासून लांब, सुरक्षित जागी बसवा. म्हणून त्यांना गेटवर बसवलं. एक स्टूल, एक छत्री, आणि येणाऱ्या गाड्यांना चिठ्ठी द्यायचं काम.

आता आमचं गेट कसं आहे ते सांगतो. रस्त्यावरून कापसाचे ट्रॅक्टर आत येतात, काट्यावर वजन करतात आणि मग ट्रॉली मागे मागे घेत गेटजवळच्याच ढिगापाशी लावतात. सीझनमध्ये एकाच वेळी एक ट्रॅक्टर रस्त्याकडून येत असतो आणि दुसरा आतून मागे येत असतो. मिस्त्रींचं तोंड रस्त्याकडे केलं तर पाठ मागे येणाऱ्या ट्रॉलीकडे होते. आतल्या बाजूला केलं तर पाठ रस्त्याकडे. भिंतीला टेकून बसवलं तर गाडी दिसत नाही आणि चिठ्ठी द्यायला उठून मधे यावंच लागतं. मी हे सगळं करून पाहिलं. स्टूल चार जागी ठेवून पाहिलं.

दिवाळीनंतर एकदा मी शेडच्या दारातून पाहिलं, एक ट्रॉली मागे येत होती. ड्रायव्हरचं गाणं मोठ्यानं चालू. लोक ओरडत होते. मिस्त्री पाठमोरे, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला थांबायची खूण करत होते. मी ओरडत पळालो. काय उपयोग ओरडून, मला तर चांगलंच माहीत होतं, तरी ओरडलो. ट्रॉलीची सावली त्यांच्या पायांवर आली तेव्हा त्यांना कळलं आणि ते बाजूला झाले. स्टूल उलथून पडलं. त्यांनी ते उचललं, झटकलं, आणि माझ्याकडे पाहून हसले.

मी तडक मॅनेजरांकडे गेलो. म्हटलं, साहेब, मशिनीजवळ त्यांना धोका नव्हता इतका गेटवर आहे.

"गेटवर कुठली मशीन आहे?" ते म्हणाले. त्यांच्याकडे पाहणीचा कागद होता. त्यात सगळी दारं होती, सगळी झाकणं होती, प्रत्येकासमोर बरोबरची खूण. गेट त्यात नव्हतं.

"ट्रॅक्टर आहेत साहेब. त्यांना ऐकू येत नाही."

त्यांनी कागद खाली ठेवला. "मग काय करू, सांग. घरी बसवू?"

ते खरंच विचारत होते. माझ्याकडे उत्तर असतं तर त्यांनी ऐकलं असतं.

मी मिस्त्रींनाच विचारलं. घरी जाता काय, मी शेठशी बोलतो. त्यांनी गेटच्या लोखंडी पाइपावर तळहात ठेवला. "हे पाय, इथी हात लावला का थोडं थोडं येते," ते म्हणाले. "काट्यावर गाडी चढली का येते. शेडचं बी येते, बारीक. घरी नोको धाडू मले, बाबू." मी पाइपाला हात लावून पाहिला. मला काही लागलं नाही. पाइप थंड होता, एवढंच.

तेव्हा मला कपाटातली जादा जोडी आठवली. जी मी त्यांना दिली नव्हती तीच. मी मॅनेजरांना विचारून ती गेटला लावली. एक तुकडा खांबाला, एक गेटच्या फळीला, आणि मिस्त्रींच्या स्टुलासमोर एक चांगला मोठा दिवा, त्यांना दिसेल असा. गेट उघडलं की लाल, लागलं की हिरवा. ठरलं असं की प्रत्येक गाडीला गेट उघडायचं, ती आत आली की लावून घ्यायचं, आणि दिवा लाल असेल तोवर आत कोणी ट्रॉली मागे घ्यायची नाही. लाल असेल तोवर मिस्त्री रस्त्याकडे तोंड करून चिठ्ठ्या देणार, हिरवा झाला की आतल्या ट्रॉलींकडे तोंड करून बसणार. मिस्त्रींना ते समजावताना मला पुन्हा जुने दिवस आल्यासारखं वाटलं. त्यांनी दिव्याला हात लावून पाहिला, सेन्सरच्या तुकड्याला हात लावून पाहिला.

"हेच ना ते?" ते म्हणाले. "मी मांगितलं होतं ते?"

"हाव."

"मंग आणलंच तू शेवटी," ते म्हणाले, आणि खुश होऊन स्टुलावर बसले.

नऊ-दहा दिवस ते नीट चाललं. मग कापसाची आवक वाढली. ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली. प्रत्येक गाडीला गेट उघडणं-लावणं कोण करणार? मागचा हॉर्न वाजवतो, पुढचा शिव्या देतो, आतला ट्रॉली मागे घेऊन मोकळा होतो. सकाळी गेट उघडलं की ते संध्याकाळपर्यंत उघडंच राहायला लागलं. दिवा सकाळी लाल होतो तो संध्याकाळपर्यंत लालच. मी दोनदा भांडलो, माझ्या स्वभावाप्रमाणे. एकदा मॅनेजरांनी गेट लावायला लावलंही, तर रस्त्यावर ट्रॅक्टर अडकून एसटी थांबली आणि लोक आत भांडायला आले. मग गेट लावायचं सोडून दिलं. मोठ्या गिरणीची माणसं पुन्हा पाहणीला आली, तेव्हा त्यांनी त्या दिव्याचा फोटो काढला. गेटवरसुद्धा सेन्सर लावला, फार छान, असं त्यांनी मॅनेजरांना सांगितलं. मिस्त्री त्या फोटोत दिव्याशेजारी ताठ उभे राहिले.

दिवसभर ते त्या लाल दिव्यासमोर बसतात. कधी रस्त्याकडे तोंड करून, कधी आतल्या बाजूला, एक हात गेटच्या पाइपावर. मी शेडमध्ये काम करता करता दर थोड्या वेळाने दाराशी येऊन पाहतो, आहेत ना. तेवढंच करू शकतो. दुसरं काय करू ते मला अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी शेवटचा ट्रॅक्टर रिकामा होऊन जातो, आवारात एकही ट्रॉली उरत नाही, आणि मग मिस्त्री गेट ओढून लावतात. दिवा हिरवा होतो. तो झालेला पाहिला की ते शेडकडे वळून मला हात वर करून दाखवतात, बरोबर चालू आहे म्हणून. मीही हात वर करतो.